वाचकांचे प्रश्न : खाटकाचा मुलगा कार्डिनल कसा झाला?

गेल्या अंकात लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट महालाच्या छायाचित्राखाली आम्ही एक ओळ छापली होती : ‘आठव्या हेन्रीचा म्हणून ओळखला जाणारा हा वाडा मुळात एका खाटकाच्या मुलाने, कार्डिनल टॉमस वुल्झीने उभारला.’ (हेन्री हा सोळाव्या शतकातला इंग्लंडचा राजा, आणि कार्डिनल म्हणजे कॅथलिक चर्चमधला पोपच्या खालोखालचा मान.) त्यावर बरीच पत्रं आली, म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

‘खाटकाचा मुलगा’ हे खरं, की शत्रूंनी उडवलेली राळ? आणि खरं असेल तर अशा घरातल्या मुलाला वर जायला वाट तरी कोणती होती? (कोल्हापूर)

खरं आहे, आणि राळ उडवायला ते उपयोगीही पडलं. वडील रॉबर्ट वुल्झी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या इप्सविच गावात मांस विकत, गुरांचा व्यापार करत, जोडीला सराई चालवत. खराब मांस विकलं, डुकरं मोकाट सोडली, अशा कारणांसाठी त्यांना झालेले दंड गावच्या दप्तरात आहेत. पण घर दरिद्री नव्हतं. आई जोन ही डॉन्डी घराण्यातली, म्हणजे गावातल्या खात्यापित्या व्यापाऱ्यांची लेक.

वडिलांचं १४९६ चं मृत्युपत्र वाचण्यासारखं आहे. माझ्या मृत्यूनंतर वर्षभरात टॉमस पाद्री झाला तर त्याने वर्षभर माझ्यासाठी प्रार्थना म्हणाव्यात आणि १० मार्क पगार घ्यावा, असं त्यात आहे. एक मार्क म्हणजे १३ शिलिंग ४ पेन्स. १० मार्कांचे ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स होतात. टॉमसला दीक्षा मिळाली १० मार्च १४९८ ला, म्हणजे मुदत उलटून गेल्यावर! पुढे हजारोंनी पौंड कमावणाऱ्या माणसाची पहिली कमाई अशी हुकली.

आता वाटेबद्दल. तलवारीच्या जोरावर वर जायचं तर घोडा, चिलखत आणि घराणं लागे. वकिली शिकायची तर लंडनमध्ये काही वर्षं स्वतःच्या खर्चाने राहावं लागे. उरलं चर्च. लोक म्हणतात, धर्मावरच्या श्रद्धेमुळे हुशार मुलं तिकडे वळत. आमच्या मते खरं कारण जमाखर्चाचं आहे. राजाला लिहिणारी, हिशेब ठेवणारी, लॅटिन बोलणारी माणसं हवी असत, पण त्यांचा पगार स्वतःच्या खजिन्यातून द्यायचा नसे. मग त्यांना एखाद्या गावच्या चर्चचं उत्पन्न लावून द्यायचं. ते उत्पन्न पाद्र्यालाच मिळू शके. शिवाय पाद्र्याला कायदेशीर वारस नाही, त्यामुळे तो मेला की जागा पुन्हा वाटायला मोकळी. वतनाची सगळी सोय, आणि वंशपरंपरेची कटकट नाही. वुल्झीला वर आणणारे विंचेस्टरचे बिशप रिचर्ड फॉक्स हेही मोठ्या सरदारघराण्यातले नव्हते. सामान्य घरातला बिशप ही तेव्हा नवलाई नव्हती. नवल होतं ते वुल्झी किती उंच गेला याचं.

त्याच्या सुरुवातीच्या पायऱ्या अशा. ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजातून पंधराव्या वर्षी पदवी (हे त्याने स्वतःच सांगितलेलं), मग तिथेच फेलो (कॉलेजचा पगारी सदस्य), खजिनदार आणि कॉलेजच्या शाळेचा मास्तर. शाळेत डॉर्सेटच्या मार्क्विसची, म्हणजे एका बड्या सरदाराची, मुलं होती. मार्क्विसने खूश होऊन १५०० मध्ये सॉमरसेटमधल्या लिमिंग्टन गावच्या चर्चचं उत्पन्न दिलं. मार्क्विस १५०१ मध्ये वारला. मग वुल्झी कँटरबरीचे आर्चबिशप हेन्री डीन यांच्याकडे लागला. ते १५०३ मध्ये गेले. मग फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या, तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात असलेल्या कॅलेचा कारभार पाहणारे सर रिचर्ड नॅनफन. ते १५०७ मध्ये गेले, पण जाण्याआधी तेव्हाचा राजा सातवा हेन्री (आठव्याचे वडील) याच्याकडे शब्द टाकून गेले. सात वर्षांत तीन यजमान गेले, आणि दर वेळी गडी एक पायरी वर.

बिशपची नेमणूक नेमकी कोण करायचं, राजा की पोप? आणि त्या पदाला उत्पन्न किती? (नाशिक)

कागदावर तीन पक्ष, व्यवहारात एक. क्रम असा : जुना बिशप वारला की त्या धर्मप्रांताच्या जमिनींचं उत्पन्न राजाकडे जमा होऊ लागे. राजा कॅथीड्रलच्या पाद्रीमंडळाला ‘निवडणूक करा’ असा परवाना पाठवी आणि सोबत नावही कळवी. मंडळ तेच नाव निवडे. मग अर्ज रोमला जाई. पोपचा फर्मानवजा कागद, म्हणजे बुल, निघाला की अभिषेक होई. शेवटी नवा बिशप राजापुढे गुडघे टेकून निष्ठेची शपथ घेई आणि मगच जमिनी त्याच्या ताब्यात येत.

अडायचं ते रोममध्ये. बुल फुकट निघत नसे. पहिल्या वर्षाच्या उत्पन्नाच्या हिशेबाने पोपच्या खजिन्यात भरणा, वर लेखनिकांपासून शिक्का मारणाऱ्यापर्यंत प्रत्येकाचा हात ओला करायचा. पद मिळायच्या आधीच माणूस कर्जात. वुल्झीला तर हा खर्च एका वर्षात दोनदा आला : मार्च १५१४ मध्ये तो लिंकनचा बिशप झाला आणि जुलैत यॉर्कचे आर्चबिशप बेनब्रिज रोममध्ये वारल्यावर सप्टेंबरात यॉर्कचा आर्चबिशप. पण हा खर्च बुडीत जाणारा नव्हता. १५३५ च्या सरकारी मोजणीत विंचेस्टरचं वर्षाचं उत्पन्न सुमारे ३,९०० पौंड आणि डरहॅमचं सुमारे २,८०० पौंड भरलं. तेव्हा साध्या मजुराला दिवसाला ४ पेन्स मिळत आणि पौंडात २४० पेन्स. वर्षाला २५० दिवस काम धरलं तर मजुराची कमाई चार पौंडांच्या थोडी वर. म्हणजे विंचेस्टरच्या बिशपाकडे नऊशेहून अधिक मजुरांची वर्षाची कमाई येत होती.

एकाच माणसाकडे दोन धर्मप्रांत कसे? आमच्याकडे एका धर्मगुरूला एक धर्मग्राम सांभाळताना नाकी नऊ येतात. आणि यॉर्कचा आर्चबिशप कँटरबरीच्या वरचढ कसा ठरला? (वसई)

नियमाने दोन धर्मप्रांत ठेवता येत नसत. पोपकडून सवलत मिळाली की येत. मुख्य पद यॉर्क. दुसरं ‘सांभाळायला’ म्हणून जोडलेलं. १५१८ मध्ये बाथ-अँड-वेल्स जोडलं. १५२३ मध्ये ते सोडून डरहॅम घेतलं. १५२९ मध्ये डरहॅम सोडून विंचेस्टर. दर वेळी आधीच्यापेक्षा जड. विंचेस्टर हे त्याच फॉक्स यांचं, ज्यांनी त्याला पुढे आणलं होतं. शिवाय १५२१ पासून सेंट ऑल्बन्सच्या श्रीमंत मठाचा मठाधिपती, तोही संन्यासी नसताना. सांभाळण्याचं म्हणाल तर रोजचं काम दुय्यम बिशप आणि अधिकारी उरकत. यॉर्कच्या हद्दीत त्याने सोळा वर्षांत पाऊलही ठेवलं नव्हतं. ठेवलं ते १५३० मध्ये, दरबारातली सत्ता गेल्यावर.

तुमचा दुसरा प्रश्न महत्त्वाचा. कँटरबरी पहिलं, यॉर्क दुसरं, आणि कँटरबरीचे आर्चबिशप वॉरम यांचा मरायचा विचार नव्हता. ते वुल्झीच्या मागे दोन वर्षं जगले! तेव्हा त्याने बाजूने शिडी लावली. सप्टेंबर १५१५ मध्ये राजाच्या आग्रहावरून पोपने त्याला कार्डिनल केलं. मान वाढला, पण कार्डिनल म्हणून वॉरमच्या हद्दीत हुकूम चालत नसे. त्यासाठी हवं होतं ‘लेगेट आ लातेरे’ हे पद, म्हणजे थेट पोपच्या जवळून निघालेला वकील, ज्याचा शब्द तो पोपचा शब्द.

१५१८ मध्ये संधी आली. तुर्कांविरुद्धच्या मोहिमेसाठी मदत मागायला पोपने कार्डिनल कॅम्पेज्जोला लेगेट म्हणून इंग्लंडला पाठवलं. इंग्लंडने कळवलं, परका लेगेट एकटा आत येत नाही. आमच्या कार्डिनललाही तोच दर्जा द्या. कॅम्पेज्जो बिचारा कॅलेच्या किनाऱ्यावर खाडीपलीकडचं इंग्लंड बघत थांबून राहिला. दर्जा मिळाला, तेव्हाच तो जुलैत पलीकडे उतरला. त्याचं काम संपलं, तो परत गेला. वुल्झीची लेगेटगिरी मात्र मुदतवाढीवर मुदतवाढ घेत १५२४ मध्ये तहहयात झाली. आता कँटरबरी आणि यॉर्क या दोन्ही प्रांतांतले मठ तपासणं, मृत्युपत्रं प्रमाणित करणं, नेमणुका करणं सगळं त्याच्या हातात, आणि प्रत्येकाची फी त्याच्या कचेरीत. हा कागद पुढे आणखी एकदा लागणार आहे, लक्षात ठेवा.

एवढे बिशप, सरदार दरबारात असताना राजाने याच्यावरच भरवसा का टाकला? नुसती खुशामत? (पुणे)

खुशामत होतीच, पण खुशामत करणारे पन्नास होते. वुल्झी काम उरकून दाखवी.

पहिला नमुना सातव्या हेन्रीच्या काळातला. राजाला फ्लँडर्समध्ये (आजच्या बेल्जियमच्या भागात) असलेल्या पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राट मॅक्सिमिलियनकडे निरोप पाठवायचा होता. वुल्झी रविवारी दुपारी रिचमंडहून निघाला. लंडनहून नावेने तीन तासांत ग्रेव्हझेंड, तिथून टपालाच्या घोड्यांवर रातोरात डोव्हर, सोमवारी सकाळी जहाज, दुपारच्या आत कॅले, रात्री सम्राटाची भेट. मंगळवारी परत फिरला, बुधवारी रात्री रिचमंड. गुरुवारी सकाळी प्रार्थनेला निघालेल्या राजापुढे उभा. राजा चिडला, ‘अजून निघाला नाहीस?’ याने उत्तराचा लखोटा पुढे केला. राजा म्हणाला, मागाहून एक सूचना द्यायची राहिली होती, तिच्यासाठी स्वार पाठवला. वुल्झी म्हणाला, तो वाटेत भेटला, पण ते काम मी आधीच माझ्या जबाबदारीवर करून आलो. ही हकिगत त्याच्या खासगीतल्या जॉर्ज कॅव्हेंडिशने लिहून ठेवली, आणि ती त्याला सांगितली खुद्द वुल्झीने. तेव्हा थोडं तिखटमीठ धरायला हरकत नाही. पण शेवटचा भाग त्याच्या स्वभावाला तंतोतंत जुळतो : हुकूम यायच्या आधी हुकूम ओळखायचा.

१५०९ मध्ये आठवा हेन्री अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर गादीवर आला. वुल्झीला त्याच वर्षी ‘आमनर’ नेमलं, म्हणजे राजाचा दानधर्म पाहणारा. राजाच्या ताटातलं उरलेलं अन्न गरिबांना वाटणं, आत्महत्या केलेल्यांची सरकारजमा मालमत्ता धर्मादाय कामाला लावणं अशी कामं. पद लहान, पण राजाजवळ उठबस. जुने मंत्री तरुण राजाला म्हणत, रोज बैठकीला बसा, कागद वाचा. राजाला शिकार, कुस्ती, संगीत यांतून सवड नव्हती. पुढे एकदा स्वतःच्या हाताने वुल्झीला लिहिलेल्या पत्रातच त्याने कबूल केलं, की लिहिणं मला कंटाळवाणं आणि कष्टाचं वाटतं. वुल्झी म्हणे, महाराज, आपण खेळा, कागद मी वाचून सार सांगतो. जो सार काढतो तो काय गाळायचं हेही ठरवतो, हे वेगळं सांगायला नको.

पण त्याची खरी परीक्षा १५१३ ची. आदल्या वर्षी डॉर्सेटच्या नव्या मार्क्विसच्या हाताखाली स्पेनच्या सीमेवर पाठवलेल्या फौजेचा बोजवारा उडाला होता. दोस्त म्हणवणाऱ्या स्पेनच्या राजा फर्डिनंडने घोडे-गाड्या दिल्या नाहीत, बीअर संपली, सवय नसलेली वाइन पिऊन माणसं आजारी पडली आणि शेवटी हुकूम न घेता फौज घरी परतली. १५१३ मध्ये राजा स्वतः फ्रान्सवर निघाला, तेव्हा सामानाची जबाबदारी वुल्झीवर आली : बीअर, बिस्किटं, खारवलेलं मांस, गाड्या, तंबू, जहाजं, आणि हे सगळं कोणत्या बंदरात कधी लागेल त्याच्या याद्या. त्या वर्षी फौज उपाशी राहिली नाही. थेरूआन आणि तूर्ने ही दोन शहरं पडली. लष्करी दृष्ट्या फार मोठं काही नव्हे, पण बावीस वर्षांच्या राजाला विजय मिळाला आणि तो कोणामुळे मिळाला हे त्याने पाहिलं. पुढच्या तीस महिन्यांत लिंकन, यॉर्क, कार्डिनलची टोपी आणि २४ डिसेंबर १५१५ ला लॉर्ड चॅन्सेलरपद, म्हणजे राजाचा मोठा शिक्का सांभाळणारा आणि न्याय पाहणारा सर्वांत वरचा मंत्री.

चॅन्सेलर म्हणून त्याने न्याय चांगला दिला असं वाचलं. खरं का? (ठाणे)

बऱ्याच अंशी. स्टार चेंबर या राजमंडळाच्या न्यायालयात त्याने सरदारांनाही खेचलं, आणि तिथे येणारे दावे वर्षाला डझनभरावरून शंभरावर गेले. गरिबांच्या अर्जांनाही वाट करून दिली. १५१७ मध्ये गावाची शेतजमीन कुंपण घालून मेंढ्यांना देणाऱ्या जमीनदारांवर चौकशी बसवली. चुकलं हे, की दावे ओढून घेतले तेवढ्या वेगाने निकाल लागेनात. जमीनदारांनी तर त्याचं नाव मनात कोरून ठेवलं.

कोर्टाला जातानाचा थाट असा : पुढे चांदीचे दोन मोठे क्रूस, राजाचा शिक्का आणि उघड्या डोक्याच्या सरदाराच्या हातात कार्डिनलची टोपी, मागे खेचरावर तांबड्या वस्त्रांत वुल्झी. हातात पोखरलेलं संत्रं. गर काढून आत व्हिनेगर आणि औषधी अर्कांत भिजवलेला स्पंजचा तुकडा भरलेला. अर्जदारांच्या गर्दीत शिरला की ते नाकाशी धरी. रोगराईपासून बचाव म्हणून. पण ज्याच्याकडे बघून ते नाकाशी गेलं, त्याला काय वाटत असेल?

एवढा हिशेबी माणूस करवसुलीत कसा फसला? (नागपूर)

फेब्रुवारी १५२५ मध्ये पाव्हियाच्या लढाईत फ्रान्सचा राजा पकडला गेला. हेन्रीला वाटलं, फ्रान्स घ्यायची हीच वेळ. पैसा नव्हता. पार्लमेंट बोलवायला वेळ नव्हता. मग वुल्झीने ‘स्नेहदान’ मागितलं. नाव स्नेहाचं, दर असे : ५० पौंडांवर मालमत्ता असेल तर पौंडामागे ३ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे सहावा हिस्सा, २० ते ५० पर्यंत २ शिलिंग ८ पेन्स, त्याखाली १ शिलिंग. पाद्र्यांकडून तिसरा हिस्सा.

दोन गोष्टी हुकल्या. १५२२-२३ मध्ये घेतलेली सक्तीची कर्जं अजून फेडली नव्हती आणि पार्लमेंटने मंजूर केलेल्या कराची वसुलीही चालू होती. आणि मालकाकडून पैसा घेतला की मजुराचं काम थांबतं, हे यादीत मांडलेलं नव्हतं. सफकमध्ये लॅव्हनम भागातल्या कापडव्यापाऱ्यांनी विणकरांना काम देणं बंद केलं आणि हजारोंनी लोक जमले. नॉरफकच्या ड्यूकने तुमचा पुढारी कोण असं विचारलं, तेव्हा जॉन ग्रीन नावाच्या म्हाताऱ्याने सांगितलं : आमच्या पुढाऱ्याचं नाव दारिद्र्य. राजाने कानावर हात ठेवले, मला यातलं काही माहीतच नव्हतं म्हणाला. कर मागे घेतला आणि बोल वुल्झीवर आला. दहा वर्षं ज्याने सगळं आपल्या नावावर चालवलं, त्याला ‘हे राजाचं होतं’ म्हणायची सोय उरली नव्हती.

राणी कॅथरीनशी काडीमोड मिळवून देता आला नाही म्हणून त्याला काढलं, एवढं माहीत आहे. पण कायद्याने पकडलं कशात? (बेळगाव)

वर जो लेगेटपदाचा कागद लक्षात ठेवायला सांगितला, त्यातच. काडीमोड द्यायचा तो पोपने. मे १५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजेने रोम लुटलं, पोप त्याच्या मुठीत गेला, आणि कॅथरीन ही चार्ल्सची सख्खी मावशी. १५२९ मध्ये लंडनच्या ब्लॅकफ्रायर्समध्ये काडीमोडाचा निकाल द्यायला वुल्झी आणि तोच जुना कॅम्पेज्जो यांचं लेगेट-न्यायालय बसलं. कॅम्पेज्जोला रोमची आज्ञा होती, वेळ काढा. जुलैच्या अखेरीस त्याने रोमच्या रिवाजाप्रमाणे उन्हाळी सुट्टी जाहीर केली. काम तहकूब, ते कायमचं.

९ ऑक्टोबरला वुल्झीवर खटला दाखल झाला तो ‘प्रीम्युनायरी’ कायद्याखाली. १३५३ आणि १३९३ च्या या कायद्यांनी राजाच्या अधिकाराला छेद देणारी पोपची सत्ता इंग्लंडमध्ये चालवणं हा गुन्हा ठरवला होता. शिक्षा म्हणजे सगळी मालमत्ता जप्त आणि कैद. लेगेटपद हेच गुन्ह्याचं मूळ. ते राजानेच मागून आणलं होतं, त्यावर अकरा वर्षं कारभार चालवला होता, ही बाजू मांडता आली असती. वुल्झीने ती न मांडता गुन्हा कबूल केला. हेन्रीला खोटं पाडून सुटका नाही, शरण जाऊन कदाचित आहे, हा त्याचा अंदाज होता. आम्हाला तो बरोबर वाटतो. फेब्रुवारी १५३० मध्ये माफी मिळाली आणि यॉर्क परत मिळालं.

तरी नियमाचा माणूस तो. नॉरफक आणि सफकचे ड्यूक राजाचा मोठा शिक्का मागायला आले तेव्हा म्हणाला, लेखी हुकूम कुठे आहे? दोघांना हात हलवत परत जावं लागलं. दुसऱ्या दिवशी राजाचं पत्र आणलं, तेव्हा शिक्का दिला.

माफीनंतर त्याने परदेशी दरबारांशी गुपचूप संधान बांधायचा प्रयत्न केला. ४ नोव्हेंबर १५३० ला, यॉर्कमधला पदग्रहण समारंभ तीन दिवसांवर असताना, त्याला राजद्रोहाखाली पकडलं. लंडनला नेताना वाटेत लेस्टरच्या मठात २९ नोव्हेंबरला तो वारला. खटला उभाच राहिला नाही.

टॉमस क्रॉमवेल याच्याच हाताखाली तयार झाला का? (लातूर)

हो. पटनीच्या लोहाराचा मुलगा, आणि पाद्री नव्हे, वकील. ऑक्सफर्डचं कार्डिनल कॉलेज आणि इप्सविचची शाळा यांच्या खर्चासाठी वुल्झीने पोपच्या परवानगीने तीसेक लहान मठ बंद केले. ते काम क्रॉमवेलकडे होतं : मठात जायचं, भांडीकुंडी आणि जमिनींची यादी करायची, ताबापत्रावर सह्या घ्यायच्या, संन्याशांची दुसरीकडे सोय लावायची. १५३६ पासून राज्यभरचे मठ बुडवले, तेव्हा हीच पद्धत मोठ्या मापाने वापरली. फरक एवढाच, की राजाने पोपशी संबंध तोडल्यामुळे आता पोपच्या परवानगीची गरज नव्हती.

जूनमध्ये मुलीकडे लंडनला जाणार आहोत. वुल्झीचं काय पाहता येईल? (सोलापूर)

हॅम्प्टन कोर्टपासून सुरुवात करा. त्याने ही जागा नाइट्स हॉस्पिटलर्स या धार्मिक-लष्करी संघाकडून ९९ वर्षांच्या कराराने, वर्षाला ५० पौंड भाड्याने घेतली. पश्चिमेचा दरवाजा आणि पहिलं मोठं चौक-आवार त्याचं. भव्य ग्रेट हॉल मात्र हेन्रीचा, मार्गदर्शक काहीही सांगो. दरवाज्यांवर भाजक्या मातीचे रोमन सम्राटांचे गोल मुखवटे आहेत, ते वुल्झीने इटालियन कारागीर जोव्हान्नी दा मायानोकडून करून घेतले. पाहायला मान वर करावी लागेल. लंडनमधलं त्याचं यॉर्क प्लेस राजाने घेऊन व्हाइटहॉल केलं. त्याचं दारूचं तळघर आज संरक्षण मंत्रालयाच्या इमारतीखाली आहे, तिथे सहज सोडत नाहीत. ऑक्सफर्डला गेलात तर क्राइस्ट चर्चच्या मोठ्या चौकात भिंतींवर अर्धवट कमानींच्या खुणा दिसतील. कार्डिनल कॉलेजची ओवरी तिथेच थांबली. इप्सविचच्या शाळेचा विटांचा एकच दरवाजा उरला आहे.

कबर शोधू नका, लेस्टरच्या मठाबरोबर तीही गेली. पण त्याने स्वतःसाठी इटालियन शिल्पकार बेनेदेत्तो दा रोव्हेत्सानोकडून करून घेतलेली काळ्या दगडाची शवपेटी सेंट पॉल कॅथीड्रलच्या तळघरात आहे. ती राजाने जप्त केली, जवळजवळ तीनशे वर्षं रिकामी पडली होती. १८०६ पासून तिच्यावर अॅडमिरल नेल्सनचं नाव आहे.